दात्याचा उत्सव आणि दानाचे पालन

एका वाचकबंधूंचे पत्र आले आहे. ते वऱ्हाडातील एका लहानशा गावी राहतात. त्यांचे व गावाचे नाव येथे देत नाही. त्यांच्या गावी फार पूर्वी एका उदार गृहस्थाने स्वखर्चाने तळे खोदविले, त्याच्या काठी धर्मशाळा बांधली आणि दुष्काळाच्या वर्षी आपली धान्याची पेवे गावासाठी उघडली. त्या गृहस्थाच्या स्मरणार्थ गावकऱ्यांनी दोन दिवसांचा उत्सव योजिला आहे. तसबिरीची मिरवणूक, व्याख्याने, जुन्या वस्तूंचे प्रदर्शन आणि शेवटी महाप्रसाद असा कार्यक्रम ठरत असता सभेत मतभेद उत्पन्न झाला. काही तरुणांनी शंका काढली की, फलाची अपेक्षा न धरता दिलेले दानच गीतेने सात्त्विक म्हटले आहे. मग ज्याने नावाची इच्छा धरली नाही त्याच्या नावाचा जयघोष करणे म्हणजे त्याच्या सात्त्विक दानाला आपण मागाहून राजस करणे नव्हे काय? वृद्धांचे म्हणणे असे की, ज्याचे पाणी पिढ्यान्‌पिढ्या प्यालो त्याला विसरणे ही कृतघ्नता होय, आणि कृतघ्नाला शास्त्रात प्रायश्चित्त सांगितलेले नाही. पत्रलेखक विचारतात, ‘दोघांपैकी खरे कोणाचे?’

प्रश्न केवळ त्या गावाचा नाही. मी ज्या लखनौ शहरात राहतो, तेथे तर जुन्या दात्यांच्या खुणा पावलोपावली भेटतात, आणि त्यांच्या छायेत आपण कसे वागावे हा विचार मनाला सोडीत नाही. म्हणून यथामती काही निवेदन करितो.

प्रथम शास्त्राचे वचन पाहू. गीतेच्या सतराव्या अध्यायात श्रीभगवंतांनी विसाव्या श्लोकापासून बाविसाव्यापर्यंत दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. देणे हे कर्तव्य आहे एवढ्याच बुद्धीने, परतफेड करू न शकणाऱ्याला, योग्य देशकाली व योग्य पात्री दिलेले दान सात्त्विक. उलट उपकाराच्या आशेने, फलावर दृष्टी ठेवून किंवा जिवावर येऊन दिलेले दान राजस. अयोग्य ठिकाणी, अपात्राला, सत्काराविना व अवमानपूर्वक दिलेले दान तामस. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हे तिन्ही श्लोक देणाऱ्याच्या अंतःकरणाविषयी आहेत. दान ज्या क्षणी हातून सुटले, त्या क्षणी दात्याची वृत्ती जशी होती तसा त्याचा प्रकार ठरला. शंभर वर्षांनी दुसऱ्या कोणी ढोल वाजविल्याने सात्त्विक दान राजस होत नाही. तसेच राजस दान आपण गौरवग्रंथ छापल्याने सात्त्विकही होत नाही. दात्याची काळजी दात्याने घेतली. आपल्याला आपली घ्यावयाची आहे.

मग घेणाऱ्याचा धर्म कोणता? त्यासाठी तिसऱ्या अध्यायाकडे वळावे लागते. तेथे यज्ञचक्राच्या प्रकरणात, बाराव्या श्लोकात, देवांनी दिलेले भोग त्यांना काही न अर्पिता जो एकटाच भोगतो त्याला भगवंतांनी स्पष्ट शब्दांत चोर म्हटले आहे. आणि सोळाव्या श्लोकात, हे फिरते चक्र जो पुढे चालवीत नाही त्याचे जगणे व्यर्थ ठरविले आहे. विसरणे हा दात्याचा धर्म. स्मरण हा घेणाऱ्याचा. एकाचा धर्म दुसऱ्याने उचलला की घोटाळा होतो. दाता आठवीत बसला तर अहंकार वाढतो, आणि घेणारा विसरून गेला तर तो चोर ठरतो. येथवर वृद्धांचे म्हणणे खरे.

परंतु स्मरण म्हणजे काय? येथे मला माझाच एक अपराध सांगितला पाहिजे.

काही वर्षांपूर्वी अशाच एका गावच्या उत्सवासाठी, तेथील बारव बांधणाऱ्या पूर्वजाची संस्कृत प्रशस्ती रचून देण्याची विनंती मला झाली. पंडिती परंपरेत वाढलेल्याला असले काम आवडते. मी अनुष्टुभ छंदात अकरा श्लोक रचिले. त्या बारवेच्या जलाला अमृताची, क्षीरसागराची, गंगेची उपमा दिली, यमकेही साधली. उत्सवाच्या दिवशी माझे श्लोक संगमरवरावर कोरून बारवेच्या तोंडाशी बसविले गेले, मला शाल व श्रीफळ मिळाले. समारंभ आटोपल्यावर मी सहज पायऱ्या उतरून खाली गेलो. खाली पाणी होते, पण त्यावर हिरवा थर साचला होता. कुजलेले निर्माल्य, फुटक्या घागरी आणि त्याच सकाळच्या पत्रावळी त्यात तरंगत होत्या. वर माझा क्षीरसागर चमकत होता. गावातील स्त्रिया दूरच्या नळावर रांगेत उभ्या होत्या. त्या दिवशी मला सोळाव्या अध्यायातील सतराव्या श्लोकाचा अर्थ कळला. तेथे आसुरी वृत्तीचे लोक दंभाने, विधी सोडून, केवळ नावापुरते यज्ञ करितात असे सांगितले आहे. आमचा उत्सव नावापुरता होता, आणि त्या नावाला छंद मी पुरविला होता.

त्यानंतर माझ्या व्यवसायातच मला या प्रश्नाचे उत्तर भेटले. मी भाषांतरकार आहे. जुने दानलेख, ताम्रपट यांचे भाषांतर करण्याचे काम अधूनमधून येते. या ताम्रपटांची रचना बहुतेक ठरलेली असते. आरंभी राजाची वंशावळी व पराक्रम, मध्ये दिलेल्या भूमीच्या चतुःसीमा, आणि अखेरीस व्यासांच्या नावाने चालत आलेले काही श्लोक. दान हिरावून घेणारा साठ हजार वर्षे विष्ठेतील कृमी होतो हा शाप पुष्कळांना ठाऊक आहे. पण त्याच्या शेजारी आणखी दोन विचार येतात, त्यांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. एक असा की, सगरापासून पुष्कळ राजांनी ही भूमी भोगिली. ज्याच्या हाती ती ज्या वेळी असते, त्या वेळी तिचे फळ त्याचे. दुसरा असा की, दान देणे आणि दुसऱ्याने दिलेले दान सांभाळणे या दोहोंत सांभाळणे अधिक श्रेष्ठ. देणारा स्वर्गाला जातो, सांभाळणारा अच्युतपदाला.

हे वचन प्रथम भाषांतरिताना मला ते राजांच्या सोयीचे वाटले होते. पुढच्या राजाने दान मोडू नये म्हणून त्याला दाखविलेले आमिष, इतकेच. बारवेच्या पायऱ्यांवरून परत आल्यानंतर त्याचा खरा अर्थ उमगला. देणाऱ्याजवळ वैभव असते, उत्साह असतो, आणि प्रथम करण्याचा आनंद असतो. सांभाळणाऱ्याजवळ यांपैकी काही नसते. त्याने गाळ काढावयाचा, फुटलेली पायरी बसवावयाची. नाव मात्र दुसऱ्याचेच राहावयाचे. फलाशा सोडून कर्म करणे म्हणजे काय हे ज्याला शिकावयाचे आहे, त्याने दुसऱ्याच्या नावाचे तळे झाडावे. याहून उत्तम पाठशाळा गृहस्थाश्रमात मला दिसत नाही. स्मृतिकारांनी तळी, विहिरी, धर्मशाळा, अन्नदान यांना पूर्तकर्म म्हटले आणि जीर्णोद्धाराला इतका मान दिला, तो याच कारणाने असावा.

आता लखनौची दोन उदाहरणे देतो.

लखनौचा मोठा इमामबाडा अनेक वाचकांनी पाहिला असेल. नवाब असफउद्दौला याने १७७५ मध्ये फैजाबादेहून आपली राजधानी येथे आणिली. पुढे १७८३-८४ मध्ये उत्तर हिंदुस्थानात भीषण दुष्काळ पडला. विक्रम संवताचे ते १८४० वे वर्ष असल्याने लोक त्या दुष्काळाला ‘चालीसा’ म्हणत. १७८४ मध्ये, लोकांच्या हाताला काम व पोटाला अन्न मिळावे म्हणून, नवाबाने या वास्तूचे बांधकाम सुरू केले. किफायतुल्ला हा तिचा स्थपती. तिचे मुख्य दालन सुमारे ५० मीटर लांब व १६ मीटर रुंद असून, तुळईचा आधार न घेता विटा-चुन्याच्या कमानीवर ते उभे आहे. १७९७ मध्ये नवाब वारला व येथेच पुरला गेला. लखनौत अशी आख्यायिका सांगतात की, दिवसा सामान्य मजूर काम करीत, आणि रात्रीच्या अंधारात उपाशी पडलेली घरंदाज माणसे कामाला येत. कोणाचे तोंड कोणास दिसू नये अशी व्यवस्था होती. दिवसा बांधलेले रात्री पाडले जाई, म्हणजे काम संपत नसे व मजुरीही थांबत नसे.

आख्यायिका असली तरी तीत एक खोल धर्मविचार आहे. तामस दानाचे लक्षण सांगताना भगवंतांनी सत्काराचा अभाव व अवमान ही दोन चिन्हे दिली. म्हणजे अन्न दिले पण घेणाऱ्याची मान खाली घातली, तर ते दान तामसाच्या कोटीत जाते. घेणाऱ्याचे तोंड झाकण्यासाठी अंधाराची योजना करणाऱ्या त्या कथेतील दात्याने हे मर्म ओळखले होते. तो आपल्या धर्माचा नव्हता म्हणून त्याच्यापासून शिकू नये असे गीता कोठेही सांगत नाही.

तथापि त्याच नवाबाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याचा दरबार खर्चिक होता. राज्य इंग्रजांच्या कंपनीच्या कर्जात बुडाले होते. ते फेडण्यासाठी १७८२ मध्ये, वॉरन हेस्टिंग्जच्या दडपणाखाली, फैजाबादेस राहणाऱ्या खुद्द आपल्या आईचा व आजीचा खजिना हिसकावण्यात तो सामील झाला. त्या जुलमाची चर्चा पुढे इंग्लंडच्या पार्लमेंटात हेस्टिंग्जवर चाललेल्या खटल्यात झाली. अन्यायाने द्रव्यसंचय करणे हे आसुरी संपत्तीचे लक्षण सोळाव्या अध्यायात बाराव्या श्लोकी दिले आहे. मग या दात्याला काय म्हणावे? उपाशी माणसाच्या पोटात गेलेला घास खोटा नव्हता, आणि म्हाताऱ्या बेगमांवर झालेला जुलूमही खोटा नव्हता. देव जे देत नाही तेही हा नवाब देतो, अशा अर्थाची म्हण लखनौत त्याच्याविषयी पडली. भाबड्या कृतज्ञतेतून निघालेली असली तरी ती म्हण दात्याच्या आत्म्याला विषासमान आहे. ‘मी यज्ञ करीन, मी देईन, मी आनंद करीन’ अशी घमेंड आसुरी मनुष्य मिरवितो, असे पंधराव्या श्लोकात म्हटलेच आहे. आपण स्तुती करून ती घमेंड दुसऱ्याच्या अंगी भरू नये.

म्हणून उत्सवातील भाषणाला माझ्या मते एकच कसोटी लावावी, ती सतराव्या अध्यायाच्या पंधराव्या श्लोकातील वाङ्मय तपाची. वाणी उद्वेग न देणारी, सत्य, प्रिय व हितकर असावी. आपल्या गावच्या उपकारकर्त्याविषयी बोलताना पहिली व तिसरी अट आपण सहज पाळितो. दुसरी मात्र सोयीप्रमाणे सोडतो. त्याने तळे बांधिले हे सांगावे. त्याच तळ्यावर कोणाला कित्येक वर्षे पाणी भरू दिले नाही, असे घडले असेल तर तेही सांगावे. ज्यांनी पाट्या वाहिल्या त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत, हेही सांगावे. खरे ऐकून जो आदर उरतो, तोच टिकतो.

दुसरे उदाहरण त्याच नवाबाचे दिवाण राजा टिकैतराय यांचे. त्यांनी लखनौत तलाव बांधविला; तो आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्याच्याजवळ मेहंदीगंजात शीतलादेवीचे मंदिर आहे. होळीनंतर आठव्या दिवशी तेथे ‘आठों का मेला’ भरतो. स्त्रिया आदल्या दिवशी केलेले शिळे अन्न देवीला अर्पितात, मुले खेळणी घेतात, गर्दी होते. या गर्दीतून मी अनेकदा फिरलो आहे. राजा टिकैतराय कोण, असे विचारिले तर दहांतील नऊ जणांना ‘हे तलावाचे नाव’ यापलीकडे काही सांगता येत नाही. प्रथम मला याचे वाईट वाटे. आता मनात येते की, ज्याच्या कार्याजवळ दोन शतकांनंतरही लोक आपली लेकरे घेऊन येतात, त्याला आणखी कोणता उत्सव हवा? तसबीर नाही, मिरवणूक नाही. नाव मात्र वाटेवर पडलेले आहे आणि सर्वजण ते उच्चारतात.

तसेच ज्येष्ठ महिन्यातील मंगळवारांचे. लखनौत त्यांना ‘बडा मंगल’ म्हणतात. अलीगंजच्या जुन्या हनुमान मंदिराशी ही प्रथा जोडलेली असून, नवाबघराण्यातील एका बेगमेच्या श्रद्धेच्या कथा तिच्या मुळाशी सांगतात. या दिवशी रस्तोरस्ती पुरी-भाजी व सरबत वाटले जाते. घेणाऱ्याला जात, धर्म, गाव कोणी विचारीत नाही. मूळ दाता कोण याविषयी कथा निरनिराळ्या आहेत. वाटणे मात्र सर्वांना ठाऊक आहे. दात्याचे नाव पुसट झाले आणि दान शहराचा स्वभाव बनले. अलीकडे काही मंडपांवर वाटणाऱ्याचे नाव व छायाचित्र ताटाहून मोठे दिसू लागले आहे, एवढे एक वैगुण्य.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येतो. कारण पत्रलेखकाच्या गावासारखाच उत्सव एका गावी दरवर्षी होतो, आणि तो फार मोठा होतो. जामखेड तालुक्यातील चौंडी हे पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे जन्मगाव. ३१ मे १७२५ ही त्यांची जन्मतिथी. २०२५ मध्ये त्यांची त्रिशताब्दी साजरी झाली. त्यांच्या जिल्ह्याला आता अहिल्यानगर हे नाव आहे. अहिल्यादेवी व असफउद्दौला समकालीन होते. काशीची जमीनदारी १७७५ पर्यंत अवधच्याच आधिपत्याखाली होती. त्या वर्षीच्या तहाने ती कंपनीकडे गेली. त्याच काशीत १७८० मध्ये अहिल्यादेवींनी विश्वनाथाचे मंदिर उभारविले. सोमनाथ, गया येथेही त्यांचे कार्य आहे. त्यांच्या दानधर्मातील जी गोष्ट मला सर्वांत थोर वाटते ती दगडांत दिसत नाही. राज्याचा खजिना व आपली खासगी यांत त्या भेद करीत, आणि हा धर्मखर्च खासगीतून करीत. प्रजेच्या पैशावर आपले पुण्य विकत घेऊ नये, हा विवेक त्यात आहे. महेश्वरास त्यांनी विणकरांना आश्रय दिला. तेथील मागांवर आजही लुगडी विणली जातात. कोणताही पुतळा त्या मागांच्या आवाजाची बरोबरी करणार नाही.

यात माझा स्वतःचा संबंध आहे. काशीत पाठशाळेत व्याकरण शिकत असताना आठ वर्षे मी अन्नछत्रात जेवलो. भात, वरण, एक भाजी. ते तांदूळ कोणाच्या उत्पन्नातून येत, कोणत्या शतकातील कोणत्या गृहस्थाने त्यासाठी शेत लावून दिले होते, हे मी एकदाही विचारिले नाही. पाणिनीची सूत्रे पाठ होती. अन्नदात्याचे नाव ठाऊक नव्हते. तो दाता सात्त्विक होता की राजस, हे मला आजही सांगता येणार नाही. परंतु ते अन्न पचवून माझी जी विद्या झाली, तिच्यावरच आज माझा संसार चालतो. त्या ऋणापोटी मी काय करितो, हे येथे लिहिले तर या लेखाचाच घात होईल. काही करीत नव्हतो, एवढे मात्र लिहितो. आणि ती लाज या लेखामागे आहे.

तात्पर्य, पत्रलेखकांस नम्र विनंती अशी. उत्सव अवश्य करावा. पण पहिला दिवस तळ्याला द्यावा. तसबिरीची मिरवणूक निघण्यापूर्वी गाळ निघावा, आणि कुदळ धरणाऱ्यांत उत्सवाचे अध्यक्षही असावेत. दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थाचे चरित्र खरे तेवढे वाचावे. महाप्रसादाच्या पंगतीत सर्वांनी एकाच ओळीत बसावे, आणि ज्यांचे पूर्वज पाट्या वाहणारे होते त्यांना प्रथम वाढावे. वर्गणीदारांची नावे फलकावर लावू नयेत. ज्याला नाव लावल्यावाचून वर्गणी द्यावयाची नसेल, त्याची वर्गणी नम्रतेने परत करावी. धर्मशाळेचे छप्पर कोण शाकारणार, पुढच्या उन्हाळ्यात तळ्याची राखण कोण करणार, हे मंडप उतरण्यापूर्वी ठरवावे. एवढे झाले तर तरुणांची शंका फिटेल व वृद्धांचेही समाधान होईल.

आणि यांपैकी काहीच जमत नसेल, तर उत्सव पुढच्या वर्षावर ढकलून या वर्षी फक्त गाळ काढावा. त्या गृहस्थाला ते अधिक आवडेल, असे त्याने बांधलेल्या तळ्यावरूनच अनुमान निघते.

आपण सर्वच कोणा ना कोणाच्या तळ्याचे पाणी पीत आहोत. देणाऱ्याला विसरण्याची आणि घेणाऱ्याला आठवण ठेवण्याची बुद्धी श्रीहरी आपणां सर्वांस देवो. इति शम्.